काचेआडचे देव

संग्रहालयात देवाची मूर्ती मांडलेली असते, तेथे तिच्या पायाशी एक लहानशी पाटी असते. पाटीवर देवाचे नाव, मूर्ती दगडाची की धातूची, उंची किती, काळ कोणता आणि कोणत्या प्रांतातून आली, एवढा मजकूर असतो. देवळातल्या देवापाशी अशी पाटी नसते. तेथल्या पुजाऱ्याला मूर्तीची उंची विचारली तर तो बुचकळ्यात पडेल. पण काकडा किती वाजता, नैवेद्याला काय, एकादशीला पोशाख कोणता, शेजारतीला पडदा कधी ओढायचा, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. एकाच मूर्तीविषयीची ही दोन प्रकारची माहिती. पहिली तिला मोजून मिळते, दुसरी तिच्या सेवेत राहून.

हल्ली आपले वारकरी काशी, रामेश्वर करून येताना दिल्ली-मुंबईची संग्रहालये बघतात. कोणाची मुले-नातवंडे परदेशी असतात, तीही तेथली संग्रहालये दाखवतात. मग प्रवचन संपल्यावर हमखास प्रश्न येतो, “महाराज, काचेच्या पेटीतल्या देवाला नमस्कार करावा का? तेथे ना आरती, ना घंटा. मग तो देव की नुसती कारागिरी?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज तीन मूर्तींच्या कथा सांगतो. तिन्ही आपल्या हयातीत घडलेल्या किंवा पुऱ्या झालेल्या आहेत, आणि तिन्हींची नोंद न्यायालयांत वा सरकारदरबारी आहे.

यातल्या दोन मूर्ती नटराजाच्या आहेत. विठ्ठलाच्या दरबारात शंकराची कथा कशाला, असे वारकरी तरी विचारणार नाही. आपला पांडुरंग मस्तकी शिवलिंग धारण करतो अशी आपली परंपरा आहे, आणि हरिहरांच्या ऐक्यासाठी नरहरी सोनारांची साक्ष आपल्या घरचीच आहे. त्या कथेकडे पुढे येऊच.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. शास्त्रात मूर्ती दोन प्रकारची सांगितली आहे, अचल आणि चल. गाभाऱ्यात कायम प्रतिष्ठित असलेली ती अचल, आणि उत्सवात बाहेर निघते ती चल. तमिळ देशात गाभाऱ्यातले लिंग किंवा पाषाणमूर्ती अचल, आणि उत्सवासाठी पंचधातूच्या वेगळ्या मूर्ती. त्यांच्या बैठकीला दांडे अडकवण्याची कडी वा छिद्रे असतात. त्यांतून दांडे घालून भाविक देवाला खांद्यावर घेतात आणि गावातून मिरवतात. जो म्हातारा देवळापर्यंत येऊ शकत नाही त्याच्या दारापुढे देवच येतो. आपल्याकडे विठ्ठल विटेवरून हलत नाही, पण संतांच्या पादुका पालखीत बसून निघतात. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली असे मानतात. पादुकांना खांदा देण्याचे सुख ज्याने घेतले आहे, त्याला त्या कड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. संग्रहालयात ती कडी दिसली की मन थांबते. ज्या देवाला चार खांदे लागत, तो आता एका जागी खिळला आहे.

चोळ राजांच्या काळात, म्हणजे नवव्या ते तेराव्या शतकात, अशा मूर्ती कावेरीकाठी फार मोठ्या संख्येने घडल्या. रीत अशी की प्रथम मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, माती वाळली की तापवायची. मेण वितळून निघून जाते, आत पोकळी उरते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा. साचा फुटला की तशी दुसरी मूर्ती नाही, प्रत्येक मूर्ती एकुलती एक. संस्कृतात या रीतीला मधुच्छिष्टविधान म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास मानसोल्लास नावाचा ग्रंथ केला, त्यात ही रीत सांगितली आहे. त्याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात असाही उल्लेख आहे. म्हणजे मूर्ती ओतण्याची विद्या आणि आपल्या आयाबायांची ओवी एकाच ग्रंथात शेजारी नांदतात. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै गावी आजही स्थपतींची घराणी याच रीतीने मूर्ती ओततात.

आता पहिली कथा. तंजावर मुलखात पत्तूर नावाचे लहान खेडे. तेथे बाराव्या शतकात कोणा भाविकाने जमीन दिली, विश्वनाथाचे देऊळ बांधले, उत्सवमूर्ती केल्या. पुढे काळ फिरला. ज्या रामदेवराव यादवांच्या राज्यात माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, त्या राज्यावर चालून आलेला मलिक काफूर १३११ मध्ये मदुरेपर्यंत पोहोचला. अशा आपत्तीत उत्सवमूर्ती जमिनीत पुरून सुरक्षित ठेवाव्या, अशी आगमांची आज्ञाच आहे. पत्तूरच्या मूर्तीही अशाच कधीतरी पुरल्या गेल्या. पुरणारे गेले, खूण सांगणारे गेले, देऊळ पडले. मूर्ती मात्र मातीच्या पोटात राहिल्या.

१९७६ मध्ये एका मजुराची कुदळ आपल्या झोपडीजवळ खणताना त्या धातूवर आपटली. सापडलेल्या मूर्तींत नटराज होता. गरीब माणूस, त्याने थोड्या पैशांत तो विकला. तेथून तो हातोहात फिरत लंडनला गेला आणि १९८२ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीने तो अडीच लाख पौंडांना घेतला. कंपनीचे नाव बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. घेणाऱ्याला खोटी कागदपत्रे दाखवलेली होती. त्याने मूर्ती तपासणी आणि दुरुस्तीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये दिली, आणि तेथून लंडनच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतली. कंपनीने पोलिसांवर दावा केला, “आमची वस्तू आम्हाला द्या.”

आता समोरून मूर्तीवर हक्क कोणी सांगितला? भारत सरकारने सांगितला, तमिळनाडू सरकारने सांगितला, देवळाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीने सांगितला. आणि त्यांच्या जोडीला पत्तूरचे पडके देऊळ आणि त्यातले शिवलिंग हेही दावेदार म्हणून उभे राहिले. माउली, कल्पना करा. कावेरीकाठच्या एका खेड्यातले शिवलिंग लंडनच्या न्यायालयात म्हणते आहे की माझ्या उत्सवमूर्तीला परत पाठवा.

विलायतेत हे नवल वाटणारच. दगड फिर्याद कशी करील? पण आपल्या देशात हे जुने आहे. देव हा आपल्या मालमत्तेचा धनी आणि त्याच्या वतीने सेवकाने बोलायचे, ही रीत इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही मानली होती. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या एका घराण्यातल्या भाऊबंदकीत घरातली देवमूर्ती कोणी कोठे न्यावी असा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. तेव्हा तेथील न्यायाधीशांनी ठरवले की मूर्ती म्हणजे उचलून नेण्याचे सामान नव्हे, तिच्या राहण्याविषयी तिची स्वतःची इच्छा विचारात घेतली पाहिजे आणि ती तिच्या वतीने कोणीतरी मांडली पाहिजे. आणि खरे पाहिले तर कंपनी म्हणजे तरी काय? तीही कागदावरचीच व्यक्ती. तिला हात नाहीत, पाय नाहीत, तरी ती अडीच लाख पौंड मोजते आणि दावा लावते. कागदाच्या व्यक्तीला न्यायालयात उभे राहता येते, तर आठशे वर्षे ज्याच्यापुढे लोकांनी मस्तक ठेवले त्याला का येऊ नये?

खटल्यात बारीकसारीक पुरावे आले. मूर्तीला चिकटलेली माती, वाळवीच्या वाटांच्या खुणा, पत्तूरला सापडलेल्या इतर मूर्तींशी असलेले घडणीचे साम्य. पुराणवस्तूंचे जाणकार डॉ. आर. नागस्वामी यांनी भारताच्या बाजूने साक्ष दिली. १९८८ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की मूर्ती देवळाची आहे. त्या निकालातला एक विचार मला कीर्तनात सांगावासा वाटतो. न्यायाधीशांनी असे मानले की बाराव्या शतकात ज्या भाविकाने जमीन देऊन ते देऊळ उभारले, त्याचा धर्महेतू मेलेला नाही. तो आजही टिकून आहे आणि शिवलिंगाच्या रूपाने मूर्तिमंत उभा आहे. १९९१ मध्ये अपील न्यायालयानेही कंपनीचे अपील फेटाळले आणि त्याच वर्षी नटराज भारतात परतला.

या धर्महेतूला आपल्याकडे संकल्प म्हणतात. देऊळ पडले, पूजा थांबली, मूर्ती पुरली गेली, पुरणारे विस्मृतीत गेले, तरी संकल्प उरतो. वारकऱ्याला हे कोणी शिकवायला नको. आपल्या घरची वारी कोणी सुरू केली ते कित्येकांना ठाऊक नसते. पणजोबा की त्यांचे आजोबा, नाव पुसलेले असते. पण ज्येष्ठ आला की पाय आळंदी-देहूकडे वळतात. त्या अनाम पूर्वजाचा संकल्प आपल्या पायांत जिवंत आहे. तोच विचार परक्या देशाच्या, परक्या धर्माच्या न्यायाधीशाने कायद्याच्या भाषेत मांडला, याचे मला फार कौतुक वाटते.

दुसरी कथा अलीकडची आहे आणि अधिक टोचणारी आहे. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान हे गाव. तेथे चोळकालीन बृहदीश्वराचे देऊळ. त्यातला नटराज चार फुटांच्या आसपास उंच, भोवती ज्वालांचे प्रभामंडळ, एका हाती डमरू, एका हाती अग्नी, एक हात अभयाचा, पाय उचललेला. २००६च्या सुमारास चोरांनी देवळातल्या मूर्ती नेल्या. गावाला ते कळले कधी? २००८ मध्ये. मधली दोनएक वर्षे गाभारा रिकामा होता आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण देवळातली नित्यपूजा थांबलेली होती आणि दार बंद होते.

त्याच २००८ साली कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने हा नटराज न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून पन्नास लाख डॉलरना विकत घेतला. आपल्याकडे पुराणवस्तूंचा कायदा १९७२ चा. त्याच्या आधीच मूर्ती भारताबाहेर गेली होती असे दाखवणारे कागद व्यापाऱ्याने तयार ठेवले होते. कागद पाहून मोठे मोठे जाणकार फसले.

खोटे उघडे पडले ते एका छायाचित्रामुळे. पुदुच्चेरीला फ्रेंच इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. १९५५ पासून ती काम करते. तिच्या लोकांनी तमिळ देशातल्या हजारो देवळांत जाऊन मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली. श्रीपुरंदानचा नटराज १९९४ मध्ये त्यांनी टिपलेला होता. तेच प्रभामंडळ, त्याच खुणा. १९७२ पूर्वी देश सोडलेली मूर्ती १९९४ साली आपल्या देवळात कशी उभी असेल? या एका प्रश्नाने सगळे कागद कोसळले. व्यापारी २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला, पुढच्या वर्षी त्याला भारतात आणले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने उडयारपाळयमच्या देवळातील मूर्तिचोरीच्या खटल्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नटराज मात्र त्याच्या आधीच घरी आला होता. ५ सप्टेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी दिल्लीत येऊन तो आपल्या पंतप्रधानांच्या हाती दिला. सोबत वृद्धाचलमच्या देवळातला अर्धनारीश्वरही होता. पुढे मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने आणखी २९ वस्तू परत केल्या.

येथे कथा संपली आणि टाळ्या वाजवाव्या, असे वाटेल. पण थोडे थांबा. परत आलेले हे देव गेले कोठे? पत्तूरचा नटराज तिरुवारूरच्या मूर्तिसुरक्षा केंद्रात ठेवला गेला, श्रीपुरंदानचा कुंभकोणमच्या. गावात त्याला सांभाळण्याची सोय नाही, पुन्हा चोरी होईल ही भीती, आणि ती भीती खोटी नाही. म्हणजे लंडनचे न्यायालय जिंकले, कॅनबेराहून विमानाने देव आला, आणि अखेर कुलपामागे राहिला. परदेशात निदान लोक त्याला पाहत होते, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर तिसऱ्या कथेत आहे. कॅनडातल्या रिजायना शहरी नॉर्मन मॅकेंझी नावाचे वकील होते. १९१३ मध्ये ते भारतात आले आणि काशीच्या घाटावरच्या एका देवळीतल्या मूर्ती त्यांच्या मनात भरल्या. त्यांची इच्छा ओळखून एकाने त्या चोरून त्यांना आणून दिल्या. त्यांत होती अन्नपूर्णेची छोटीशी पाषाणमूर्ती, वीतभरही नसेल. मॅकेंझी वारल्यावर त्यांचा संग्रह तेथल्या विद्यापीठाकडे गेला, त्यातून कलादालन झाले. आणि त्या कलादालनाच्या नोंदीत या मूर्तीचे नाव काय होते? विष्णू! दिव्या मेहरा या चित्रकर्तीने २०१९ मध्ये तो संग्रह तपासताना पाहिले की ही तर स्त्रीमूर्ती आहे. मग जाणकाराला दाखवली. एका हाती खिरीचे पात्र, दुसऱ्या हाती पळी. वाढण्याच्या मुद्रेत उभी असलेली आई ती, काशीची अन्नपूर्णा. आपल्याकडे सासरी निघालेली मुलगी जिला सोबत घेऊन जाते, ती हीच.

विद्यापीठाने कोणी खटला भरण्याची वाट पाहिली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी मूर्ती आपणहून भारताच्या स्वाधीन केली. वर्षभराने दिल्लीहून निघालेली तिची शोभायात्रा गावोगावी दर्शन देत चार दिवसांनी काशीला पोहोचली आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या आवारात तिची प्रतिष्ठापना झाली. तो दिवस कोणता होता? कार्तिकी एकादशीचा. पंढरीत चंद्रभागेच्या वाळवंटी टाळ वाजत होते तेव्हा काशीला अन्नपूर्णा आपल्या घरी बसत होती. १९१३ ते २०२१, वर्षे मोजा. एकशे आठ होतात. एक माळ पुरी झाली. जी जगाला वाढते तिला एक माळभर वर्षे कोणी नैवेद्य दाखवला नव्हता आणि तिचे खरे नावही कोणी घेतले नव्हते. आता तिला दोन्ही मिळते.

पहिल्या दोन मूर्ती देशात आल्या, तिसरी घरी आली. फरक हा की काशीत दार उघडणारे, दिवा लावणारे आणि पहारा ठेवणारे हात तयार होते. पत्तूरला, श्रीपुरंदानला ते उरले नव्हते. माझ्या मते श्रीपुरंदानचा देव गेला तो चोर आले त्या रात्री नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, ज्या सकाळी देवळाचे दार कोणी उघडले नाही त्या सकाळी. चोराने फक्त नेले. सोडून आधी गावानेच दिले होते.

आपल्या पंढरीच्या इतिहासाशी हे ताडून पाहा. परचक्र आले तेव्हा विठ्ठलाची मूर्ती वारंवार हलवावी लागली, लपवावी लागली. हंपीला विठ्ठलाचे भव्य देऊळ आहे, दगडी रथ आहे, वाजणारे खांब आहेत, पण गाभारा रिकामा आहे. मूर्ती विजयनगरला गेली होती आणि नाथमहाराजांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती परत आणली, असे आपली परंपरा सांगते. इतिहाससंशोधक त्यावर वाद घालतात, घालू देत. वारकऱ्यांनी ती कथा शतकानुशतके का जपली ते पाहावे. देव गेला तर स्वस्थ बसायचे नाही, कोणीतरी आणायला गेले पाहिजे, हा तिचा बोध आहे. भानुदासांची समाधी आजही पंढरीच्या मंदिरातच आहे. आणि २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मंदिराच्या जतनाचे काम चालू असताना आवारात जमिनीखाली एक लहानसे तळघर सापडले, त्यात विष्णुरूपातल्या पाषाणमूर्ती निघाल्या. पत्तूरसारखेच कोणीतरी त्या तेथे ठेवल्या होत्या. पण पत्तूरला वरचे देऊळ पडले, पंढरीत वरची वारी थांबली नाही. मूर्ती जमिनीखाली होत्या तेव्हाही त्यांच्या डोक्यावर अखंड नामघोष चालू होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काचेआडच्या देवाला नमस्कार करावा का?

नरहरी सोनारांची कथा आठवा. निष्ठावंत शैव, विठ्ठलाचे मुख न पाहण्याचा नेम. सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला सांगितला. माप दोनदा चुकले, तेव्हा डोळ्यांना पट्टी बांधून नरहरी स्वतः माप घ्यायला गेले. हात लावला तर पंचमुखे, सर्पालंकार, व्याघ्रांबर. पट्टी काढली तर विटेवरचा विठ्ठल. पुन्हा पट्टी, पुन्हा शंकर. नरहरी तेथे माप घ्यायलाच गेले होते, हे विसरू नका. मोजता मोजता त्यांना देव भेटला. म्हणून संग्रहालयाच्या पाटीवरच्या उंची-रुंदीला मी नावे ठेवत नाही. मोजणारा हात प्रामाणिक असेल तर त्यातूनही ओळख पटते. चित्रकर्ती मेहरा यांनी पळी आणि खिरीचे पात्र पाहिले, आणि विष्णू म्हणून नोंदलेली आई अन्नपूर्णा म्हणून ओळखली गेली. छायाचित्र घेणाऱ्यांनी खुणा टिपल्या म्हणून नटराज घरी आला.

शिवाय सगळी संग्रहालये चोरीच्या मालाची नसतात. उत्खननात सापडलेल्या, भंगलेल्या, बेवारस झालेल्या कितीतरी मूर्ती त्यांनीच वाचवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पिप्रहवा येथे सापडलेल्या भगवान बुद्धांच्या अस्थी आहेत. थायलंडच्या भाविकांनी दिलेल्या सोनेरी मंडपात त्या ठेवल्या आहेत आणि देशोदेशीचे लोक तेथे हात जोडून उभे राहतात. संग्रहालय आहे म्हणून त्यांचा भाव अडत नाही.

तेव्हा नमस्कार अवश्य करावा. देव चराचरात भरला आहे असे आपण रोज म्हणतो, मग त्याने काचेची पेटी तेवढी वगळली असेल काय? पण नमस्कार करून झाल्यावर पाटी नीट वाचावी. कोणत्या गावातून आली ते पाहावे. आणि मनात विचारावे, तेथे आज कोणी दिवा लावते का? कारण मूर्तीत देव आहे की नाही हा प्रश्न देवाचा नाही, आपल्या सेवेचा आहे. पुंडलिकाने वीट दिली आणि थांब म्हटले, देव थांबला. थांबणे हा त्याचा स्वभावच आहे. तो मातीखाली थांबतो, तिजोरीत थांबतो, काचेमागे थांबतो. आपण मात्र थांबत नाही, हीच अडचण आहे.

पंचेचाळीस वर्षे कीर्तनाच्या निमित्ताने गावोगावच्या देवळांत माझा मुक्काम झाला. पूर्वी काकड्याला अर्धे गाव असे. पुढे पुढे मी पाहिले, मुख्य देवळाला नवा रंग, नवी फरशी, आणि गावकुसाजवळच्या जुन्या महादेवाला कुलूप. किल्ली कोणाकडे विचारावे तर चार घरे हिंडावी लागत. आतल्या मूर्ती किती, कोणत्या, हे सांगणारा एखादाच म्हातारा असे. असे देऊळ म्हणजे आपल्याकडचे श्रीपुरंदानच. फक्त चोराला अजून पत्ता लागलेला नाही, एवढेच.

म्हणून या निमित्ताने प्रत्येक दिंडीला, प्रत्येक भजनी मंडळाला माझे हात जोडून सांगणे आहे. आपल्या गावातल्या सगळ्या देवळांतल्या मूर्ती, वीरगळ, पितळी मुखवटे, जुनी भांडी, समया यांची यादी करा. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. प्रत्येक मूर्तीचे समोरून, बाजूने, मागून छायाचित्र घ्या, त्यावर तारीख घाला. उंची मोजा, भंगलेला भाग असेल तर त्याची खूण लिहा. यादीची एक प्रत देवस्थानाकडे, एक ग्रामपंचायतीकडे आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते पुराणवस्तू ठरतात आणि त्या परदेशी विकायला नेता येत नाहीत. तेव्हा घरात आजोबांची अभंगांची बाडे असतील तर तीही रद्दीत घालू नका. ही नोंद करायला कोणा मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन तरुण आणि एक वही पुरे.

आणि यादी झाली की दुसरे काम. त्या कुलूपबंद देवळाचे दार रोज उघडण्याची पाळी लावा. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. झाडलोट, एक फूल, एक दिवा, जमले तर हरिपाठ. छायाचित्र चोरी झाल्यावर उपयोगी पडते. ज्या देवळात रोज माणूस येतो, तेथे चोरीच अवघड होते, आणि झालीच तर त्याच दिवशी कळते. वहीतली नोंद आणि दारातली पणती या दोन्ही सेवाच आहेत.

पत्तूरच्या त्या अनाम भाविकाला काय ठाऊक होते, की आठशे वर्षांनी आपला संकल्प परक्या राजधानीत उभा राहून साक्ष देईल! त्याने एवढेच केले, जमीन दिली, देऊळ बांधले आणि देवाला जागा दिली. आपल्या हाती तेवढेही नसेल, पण उद्या सकाळी एक दार उघडणे तर आहे.

रामकृष्णहरी.